घरच्या इंटरनेटची गती का मंदावते? दोष शोधण्याची सोपी रीत



सातबारा उतारा काढणे, ठिबकच्या अनुदानाचा अर्ज भरणे, बँकेत ऊसबिल जमा झाले का ते पाहणे, मुलांचा अभ्यास, ही सारी कामे आता घरातल्या इंटरनेटवर होतात. होटगी व आसपासच्या गावांत ज्यांनी फायबरची जोडणी घेतली आहे, त्यांच्याकडून एक तक्रार हमखास ऐकू येते : "शंभरचा प्लॅन घेतलाय, पण नेट काही पळंना." मग कोणी चिडून दुप्पट पैशाचा प्लॅन घेतो, तर कोणी कंपनीला बोल लावून गप्प बसतो. दोन्हींत नुकसान आपलेच. दोष घरात असेल तर मोठ्या प्लॅनचे पैसे वाया जातात. दोष लाईनमध्ये असेल तर न मिळालेल्या मालाचे पैसे आपण दरमहा भरत राहतो. म्हणून दोष घरात की घराबाहेर, हे आधी मोजून ठरवावे. त्याची रीत या लेखात दिली आहे.

१) माप समजून घ्या

प्लॅनवरचा १०० हा आकडा 'मेगाबिट'चा असतो. मोबाईलमधील फाइलचे माप मात्र 'मेगाबाइट'मध्ये असते. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणजे १०० च्या लाईनवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरणार. १०० मेगाबाइटची फाइल यायला आठ सेकंद लागले, तर लाईन बरोबर चालली आहे असे समजावे.

गरज किती, हेही पाहावे. एका पडद्यावर स्वच्छ चित्रपट दिसायला साधारण ५ मेगाबिट पुरतात. सातबारा किंवा अर्जाला त्याहून कमी. चार माणसांच्या घराला ३० ते ५० चा प्लॅन बहुधा पुरेसा होतो.

२) ठिबकचा दाखला

शेवटच्या लॅटरलला पाणी कमी पडले म्हणून शहाणा शेतकरी लगेच मोठी मोटर आणत नाही. तो आधी हेडवर दाब पाहतो. हेडवर दाब पुरेसा असेल, तर दोष सबमेन किंवा लॅटरलमध्ये. हेडवरच दाब नसेल, तर दोष मोटर किंवा विहिरीकडे. इंटरनेटचेही तसेच आहे. कंपनीची फायबर घरातल्या ज्या डब्याला येऊन मिळते, तो आपला हेड. तिथून पुढचे वायफाय म्हणजे लॅटरल. आपण बहुतेक जण लॅटरलच्या टोकाला, म्हणजे आतल्या खोलीत मोबाईल धरून, गती पाहतो आणि दोष विहिरीला देतो.

३) हेडवर चाचणी

लॅपटॉप असल्यास तो लॅन केबलने थेट डब्याला जोडावा. घरातील इतर मोबाईल, टीव्ही, कॅमेरे तेवढ्यापुरते बंद ठेवावेत. मग गती मोजणाऱ्या कोणत्याही ॲपवर किंवा संकेतस्थळावर चाचणी घ्यावी. लॅपटॉप नसेल तर मोबाईल डब्यापासून चार-पाच फुटांवर धरून ५ गीगाहर्ट्झच्या वायफायवर चाचणी घ्यावी.

ही चाचणी तीन दिवस, दिवसातून तीन वेळा घ्यावी : पहाटे सहाला, दुपारी व रात्री नऊला. तारीख, वेळ व आकडा वहीत लिहावा.

एक खुबी ध्यानात ठेवावी. डब्याचे किंवा लॅपटॉपचे लॅन पोर्ट १०० क्षमतेचे असेल, तर चाचणीचा आकडा ९४-९५ च्या वर जात नाही. केबलमधील एखादी तार तुटली तरी असेच होते. अशा वेळी २०० चा प्लॅन घेऊनही आकडा ९४ च राहतो.

४) हेडवर गती आहे, खोलीत नाही

दोष घरातला आहे. पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

(अ) जागा : डबा कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी तिजोरीशेजारी असेल तर हलवावा. घराच्या मध्यभागी, पाच-सहा फूट उंचीवर ठेवावा. माळवदाच्या घरांच्या जाड दगडमातीच्या भिंती, आरसीसीचा स्लॅब व पत्रा यांना वायफाय पार होता होता निम्मेअर्धे विरते.

(आ) पट्टा : बहुतेक नव्या डब्यांतून २.४ व ५ असे दोन वायफाय निघतात. ५ चे जोरात चालते पण लांब पोहोचत नाही. २.४ चे लांब जाते पण हळू, आणि जवळपासच्या घरांची गर्दी त्याच्यावर. त्यात १, ६ व ११ हे तीनच चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत. शेजारी ६ वर असेल तर आपण १ किंवा ११ घ्यावा.

(इ) छुपा वापर : कॅमेऱ्याचे चित्रण व मोबाईलमधील फोटो आपोआप वर चढत असतात. पासवर्ड गल्लीभर झाला असेल तर तो बदलावा.

(ई) ऊन : उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो. पत्र्याखाली डबा तापतो व अडखळतो. त्याला मोकळी हवा द्यावी.

मोठ्या वाड्यात दुसरा डबा लागल्यास तो लॅन केबल ओढून जोडावा. नुसत्या हवेतून जोडला तर बऱ्याचदा गती निम्मी होते.

५) हेडवरच गती नाही

आधी या महिन्याचा ठरलेला डेटा संपला आहे का ते पाहावे. तो संपल्यावर कंपनी गती उतरवते.

मग डब्यावरचा 'लॉस' दिवा पाहावा. तो लाल असेल तर फायबर तुटली आहे किंवा प्रकाश येत नाही. फायबर काचेची असते. खिळ्याला गुंडाळून काटकोनात वाकवली तरी प्रकाश गळतो. उंदराने कुरतडणे, उसाच्या उंच भरलेल्या ट्रॉलीत वरची केबल अडकून ताणली जाणे, ही कारणेही असतात. कामगार आल्यास त्याला प्रकाशाची पातळी मोजायला सांगावे. उणे २७ डीबीएमच्या खाली गेली असेल तर जोडणी दुरुस्त करणे हे कंपनीचेच काम.

पहाटे गती पूर्ण आणि रात्री नऊला निम्मी, असे वहीत दिसले तर अर्थ वेगळा. फायबरची एक लाईन बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. सर्वांनी एकाच वेळी बारे धरले तर पाटाला पाणी कमी पडणारच. हा दोष कंपनीने क्षमता वाढवूनच निघतो. आपण मोठा प्लॅन घेतला तरी तो हमखास निघेल असे नाही.

६) तक्रार कशी करावी

काट्याच्या पावतीशिवाय वजनाचा वाद टिकत नाही, तसेच वहीतल्या नोंदीशिवाय गतीचा वाद टिकत नाही. कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन करून तक्रार क्रमांक घ्यावाच. निवारण न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे अपील करावे. २०१२ च्या नियमांनुसार त्याला फी नाही. त्यानंतर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे, जिल्हा ग्राहक आयोगही आहे. दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला आहे. तसेच २०२३ पासून २ मेगाबिटपेक्षा कमी गतीच्या जोडणीला सरकारी व्याख्येप्रमाणे 'ब्रॉडबँड' म्हणताच येत नाही. पूर्वी ही मर्यादा ५१२ किलोबिट होती.

सारांश : आधी हेडवर मोजा, मग खोलीत मोजा, लिहून ठेवा. दोन्ही आकडे समोर आले की दोष घरचा की बाहेरचा, हे घरातले शाळकरी पोरही सांगेल. सभासदांनी प्लॅन वाढवण्यापूर्वी हे तीन दिवस जरूर खर्ची घालावेत.