युद्धपटाचं संगीत वर्गात कसं ऐकवावं? प्रोकोफिएव्ह आणि 'अलेक्झांडर नेव्हस्की'



मुलं युद्धाचे सिनेमे पाहतात. आपण दाखवले नाहीत तरी मोबाईलवर पाहतात. त्यात शत्रू कोण आणि आपला कोण, हे त्यांना कथा कळायच्या आधीच कळलेलं असतं. कसं कळतं? वेशभूषा असते, चेहरे असतात, पण निम्मं काम संगीत करतं. जाड, घोगरा, खर्जातला आवाज आला की मूल मनातल्या मनात म्हणतं, 'आला दुष्ट!' हे आपोआप होतं, म्हणूनच ते एकदा थांबवून बघायला शिकवलं पाहिजे असं मला वाटतं. आठवी ते दहावीच्या वर्गात दोन तासिकांत हा पाठ सहज होतो. त्यासाठी मी एक जुना रशियन चित्रपट निवडला आहे.

पण सुरुवात करायची ती 'पीटर अँड द वुल्फ'पासून. सर्गेई प्रोकोफिएव्ह या रशियन संगीतकाराने १९३६ साली मुलांसाठी केलेली ही संगीतकथा. कथेतल्या प्रत्येक पात्राला एक वाद्य. पक्षी म्हणजे बासरी, बदक म्हणजे ओबो, मांजर म्हणजे क्लॅरिनेट, आजोबा म्हणजे बसून, पीटर म्हणजे तंतुवाद्यं, आणि लांडगा म्हणजे तीन फ्रेंच हॉर्न. पाचवीचं मूलसुद्धा दहा मिनिटांत ओळखू लागतं. इथे मुलांना एक प्रश्न विचारून ठेवा: लांडग्याला बासरी दिली असती तर? उत्तर लगेच मागू नका. प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात राहू द्या.

आता दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, हाच संगीतकार एका युद्धपटाला संगीत देतो. दिग्दर्शक सर्गेई आयझेन्स्टाइन. चित्रपटाची गोष्ट तेराव्या शतकातली. जर्मन ट्यूटॉनिक शूरवीर रशियावर चालून येतात, प्स्कोव्ह शहर घेतात, आणि नोव्हगोरोदचा राजपुत्र अलेक्झांडर नेव्हस्की त्यांना पेइपस सरोवराच्या गोठलेल्या पाण्यावर हरवतो. लढाई खरी आहे, तारीख ५ एप्रिल १२४२. बर्फ फुटून शूरवीर पाण्यात बुडाले या प्रसंगाबद्दल मात्र इतिहासकार शंका घेतात. पण पडद्यावर तो इतका ठसठशीत आहे की लोकांनी तोच इतिहास मानला. गंमत बघा, ही हिवाळ्यातली लढाई चित्रित झाली भर उन्हाळ्यात! डांबर आणि काच वापरून बर्फाचे थर केले होते, झाडांना फिकट निळा रंग देऊन वर खडूची भुकटी मारली होती. मुलांना हे सांगाच, फार आवडतं.

१९३८ साली 'जर्मन चालून येतात' या गोष्टीचा अर्थ प्रेक्षकाला वेगळा सांगायची गरज नव्हती. हिटलर सत्तेवर येऊन पाच वर्षं झाली होती. चित्रपटात जर्मन शूरवीरांचे चेहरे बहुतेक वेळ दिसतच नाहीत. लोखंडी शिरस्त्राणं, डोळ्यांपुरत्या फटी, पांढरे झगे. रशियन माणसांचे चेहरे मात्र उघडे, हसणारे, घाबरणारे. हीच विभागणी प्रोकोफिएव्हने आवाजात केली.

जर्मनांसाठी ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यं: ट्रॉम्बोन, ट्युबा, हॉर्न. त्यांच्यावर लॅटिन भाषेतलं समूहगान. शब्द प्रार्थनेसारखे वाटतात, पण सलग वाचले तर धड अर्थ लागत नाही, नुसता मंत्र घोकल्यासारखा आवाज. तेराव्या शतकातलं खरं चर्चसंगीत घ्यावं का, याचा प्रोकोफिएव्हने विचार केला होता. पण ते आजच्या श्रोत्याला फार दूरचं वाटेल, म्हणून त्याने स्वतःच रचलं. ऐतिहासिक विषयावर नाटक बसवणाऱ्या शिक्षकांनी यावर जरूर विचार करावा. अस्सलपणा आणि परिणाम यांत त्याने परिणाम निवडला.

आणि मग त्याने मायक्रोफोनशी एक खेळ केला. तेव्हा ध्वनिमुद्रणाची यंत्रं बेताचीच होती. अगदी जवळून जोरात तुतारी फुंकली की आवाज फाटायचा. इतर लोक हा दोष टाळायचे. प्रोकोफिएव्हने तोच मुद्दाम वापरला! शत्रूची पितळी वाद्यं मायक्रोफोनच्या तोंडाशी आणली, आवाज फाटू दिला. कानाला तो बोचतो, आणि बोचायलाच हवा होता. त्याच्या लक्षात आलं होतं की सभागृहात बसून जे ऐकू येतं ते मायक्रोफोनसमोर उलटंसुद्धा करता येतं. एरवी दबून जाणारा बसून जवळ बसवला तर पुढे येतो, आणि दणदणीत ट्रॉम्बोन लांब नेला तर मागे पडतो. आज साध्या मोबाईलवर मुलं हे करून बघू शकतात. एकाने ताटली वाजवायची, एकाने पुटपुटायचं, आणि रेकॉर्डिंगमध्ये पुटपुटणं मोठं आलं पाहिजे. विज्ञानाच्या बाईंनाही सोबत घ्या.

रशियन बाजूला याच्या उलट. लोकगीताच्या ढंगाच्या, गुणगुणता येतील अशा चाली (ढंग लोकांचा, चाल प्रोकोफिएव्हची), रशियन भाषेतलं समूहगान, आणि लढाईत बाजू उलटते तेव्हा जत्रेत वाजवतात तसं उड्या मारणारं, हसरं संगीत. माणसं मरताहेत आणि संगीत नाचतंय. पहिल्यांदा ऐकताना आपणही खूश होतो. दुसऱ्यांदा ऐकताना जरा अडखळायला होतं, निदान मला तरी झालं.

सगळ्यात ऐकण्यासारखी आहे ती लढाईच्या आधीची वाट पाहणं. क्षितिजावर काही नाही. तंतुवाद्यं खालच्या पट्टीत थरथरतात, लांबून दबलेल्या शिंगाची हाक येते. मग घोड्यांच्या टापांचा ठेका सुरू होतो, आधी विलंबित, मग चढत चढत द्रुत. पांढऱ्या रेषेवर काळे ठिपके मोठे होत जातात. हा भाग मुलांना तीनदा द्या: आधी डोळे मिटून नुसतं संगीत, मग आवाज बंद करून नुसतं चित्र, मग दोन्ही एकत्र. प्रत्येक वेळी एकच वाक्य लिहायला सांगा. तीन वाक्यं शेजारी ठेवली की पाठ अर्धा झालाच.

हे दोघं काम कसं करायचे तेही सांगण्यासारखं आहे. काही दृश्यं आधी चित्रित व्हायची आणि संगीत नंतर. प्रोकोफिएव्ह रात्री चित्रीकरण बघायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला संगीत तयार, असा त्याचा नेमकेपणा आयझेन्स्टाइनने लिहून ठेवला आहे. काही ठिकाणी मात्र उलट. संगीत आधी तयार, आणि दिग्दर्शकाने त्याच्या लयीवर चित्र कापलं. पुढे आयझेन्स्टाइनने वाट पाहण्याच्या प्रसंगातल्या बारा शॉट्सचा तक्ता करून स्वरांची चढउतार आणि चित्रातल्या रेषा कशा जुळतात ते दाखवलं. थिओडोर अडोर्नो आणि हान्स आइसलर यांनी १९४७ च्या पुस्तकात त्यावर टीका केली. कागदावर वर चढणारी स्वरलिपी डोळ्यांना दिसते, कानाला नाही! मला टीकाकारांचं पटतं. तक्ता मुलांना दाखवू नका, कान आधी तयार होऊ द्या.

आता इतिहासाच्या तासाचा भाग, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. चित्रपट डिसेंबर १९३८ मध्ये आला आणि खूप चालला. मे १९३९ मध्ये प्रोकोफिएव्हने याच संगीतावरून केलेली सात भागांची कँटाटा मॉस्कोत सादर झाली. आणि २३ ऑगस्ट १९३९ ला सोव्हिएत संघ आणि जर्मनी यांच्यात अनाक्रमण करार झाला. चित्रपट गुपचूप उतरवला गेला. कालचा शत्रू आज मित्र, मग त्याच्यासाठी फाडलेला तो पितळी आवाज कुठे ठेवणार? पुढे २२ जून १९४१ ला जर्मनीने हल्ला केला आणि तोच चित्रपट लगेच पुन्हा पडद्यावर आला. दोन्ही वेळा संगीतातला एक स्वरही बदलला नव्हता. १९४२ मध्ये नेव्हस्कीच्या नावाने लष्करी पदक निघालं. खऱ्या नेव्हस्कीचं त्याच्या काळातलं चित्र उपलब्ध नाही, म्हणून पदकावर चेहरा आला तो चित्रपटातल्या नटाचा, निकोलाय चेर्कासोव्हचा.

या तीन तारखा फळ्यावर लिहा आणि कोपऱ्यातला जुना प्रश्न पुन्हा वाचा: लांडग्याला बासरी दिली असती तर? एका वर्गात एका मुलीने यावर विचारलं, "सर, मग करार झाला तेव्हा ते शूरवीर बासरीवर आले असते का?" मी उत्तर दिलं नाही, वर्गातच चर्चा लावून दिली. ती तासभर चालली.

पालकांसाठी एक सूचना. अख्खा चित्रपट लहान मुलांना दाखवू नका. प्स्कोव्हच्या प्रसंगात तान्ह्या बाळांना आगीत टाकतात असं दृश्य आहे. ते प्रचारासाठी घातलेलं आहे हे मोठ्यांना कळतं, मुलाच्या डोळ्यांसमोरून जात नाही.

शेवटचा तुकडा लढाई संपल्यानंतरचा. अंधार पडलाय, बर्फावर प्रेतं आणि जखमी, आणि एक मुलगी मशाल घेऊन आपल्या दोन मागणीवाल्यांना शोधते आहे. वर एका बाईचा आवाज, संथ, एकटा. कँटाटात हा सहावा भाग, 'मृतांचं रणांगण'. शब्द रशियन वीरांसाठीच आहेत. पण भाषा न कळणाऱ्या आपल्या मुलांना तो आधी चित्राशिवाय, काहीही न सांगता ऐकवा आणि विचारा: ही बाई कोणत्या बाजूची? इतका वेळ जी मुलं चटाचट 'शत्रू', 'आपले' असं ओळखत होती, ती इथे थांबतात. इथे घोगरं पितळ नाही, नाचरी चाल नाही. ओळखायला काही खूणच उरलेली नाही.

हा भाग साधारण सहा मिनिटांचा आहे. तासिकेच्या अगदी शेवटी ठेवू नका, मध्येच घंटा वाजते.