धुणे आणि वीज

प्रवरा नदी रतनगडाच्या परिसरात उगम पावते व प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. तिच्या काठच्या गावांत पूर्वी सकाळ झाली, की धुणे आपटण्याचा आवाज घुमे. स्त्रिया धुण्याचे गाठोडे डोक्यावर घेऊन नदीवर जात. मळकट कपड्यांस सोडा व तलम वस्त्रांस रिठा लावीत. इस्त्रीत कोळशाचे निखारे घालीत. या कामी विजेचा खर्च मुळीच नव्हता. परंतु स्त्रियांचे हात व पाठ मात्र शिणून जात.

पुढे गावोगावी वीज आली. श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने १९७१ ते २०११ या काळात या भागास वीज पुरविली. घरांत प्रथम विजेची इस्त्री आली, मागाहून धुलाई यंत्र आले.

एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले, म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. यंत्राची ४०० वॅटची मोटर अर्धा तास फिरली, तर युनिटाचा केवळ पाचवा हिस्सा लागतो. १००० वॅटची इस्त्री तेवढा वेळ सतत तापत राहिली, तर अर्धे युनिट लागते. पाणी तापविणारे २००० वॅटचे साधन मात्र तेवढ्याच वेळात पुरे एक युनिट घेते! यंत्र फिरविण्यापेक्षा पाणी तापविण्यासच वीज अधिक लागते.

म्हणून रोजचे कपडे थंड पाण्यात धुवावेत व उन्हात वाळवावेत. यंत्राने आईचे श्रम वाचविले. वीज वाचविणे हे घरातील सर्वांचे काम आहे.