पट्टा बांधलास, पण कशासाठी?

अगं, ‘ताई, मला कार्पल टनेल झालंय’ हे तू इतक्या ठामपणे सांगितलंस की मला वाटलं, रिपोर्टच आलाय हातात! मग कळलं, मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ पाहिलेस आणि औषधाच्या दुकानातून मनगटाचा पट्टा आणलास.

आता मला सांग, दुखतं नेमकं कुठे? अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला. कणीक मळताना, बरणीचं झाकण फिरवताना, बाळाला काखेत हात घालून उचलताना कळ येते. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. कार्पल टनेलमध्ये मनगटातून जाणारी नस दाबली जाते. मग अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागतो. करंगळीत मुंग्या येत असतील तर कोपर तपासावं लागतं, कधी मानही.

तुझं ऐकून मला द कर्व्हेनचं दुखणं आठवलं. स्विस सर्जन फ्रिट्झ द कर्व्हेन यांनी १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं. अंगठा हलवणाऱ्या दोन कंडरांवरचं आवरण जाड होतं आणि त्या मोकळेपणी सरकत नाहीत. बाळंतपणानंतर बायकांना हे बरंच होतं. पण माझ्या वाटण्याला काय किंमत? हात दाबून, वळवून बघणारं माणूस हवं. आणि ती मुठीत अंगठा घालून मनगट वाकवायची चाचणी घरी करत बसू नकोस. जोरात केली तर धडधाकट हातही कळवळतो.

गंमत म्हणजे तुझा पट्टा मनगट धरतो आणि अंगठा मोकळा सोडतो. दुखणं अंगठ्याचं असेल तर त्यालाही आधार देणारा पट्टा लागतो. म्हणजे तू पट्टा बांधून बाळ उचलणार आणि वर म्हणणार, काही उपयोग होत नाही!

शिवाय हात दुखण्यामागे कधी थायरॉइड, मधुमेह किंवा संधिवात असतो. ते रक्त तपासल्याशिवाय कसं कळणार? नस खरंच दाबली जात असेल आणि वेळ दवडला, तर अंगठ्याखालचा मांसल उंचवटा झिजतो, गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही.

आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखव, मग ते सांगतील त्या हाडांच्या किंवा हाताच्या तज्ज्ञाकडे जा. ‘कापतीलच’ ही भीती सोड. बहुतेकदा सुरुवात विश्रांती, योग्य पट्टा, व्यायाम आणि फार तर इंजेक्शन यांनी होते. तुझं निरीक्षण मात्र वाया घालवू नकोस. कधी, कुठे, काय करताना दुखतं ते लिहून ने. डॉक्टरांना नाव नको, हेच हवं असतं. हात लाल-गरम होऊन सुजला, ताप आला, किंवा हातातून वस्तू गळायला लागल्या तर मात्र वाट बघू नकोस.

उद्या वेळ घे, बाळाला मी बघते. ॲसिडिटी आहे हे आधीच सांग, नाहीतर ते दुखण्याच्या गोळ्या लिहून देतील आणि तू रात्रभर जळजळीने जागशील. आणि दूध पाजतेस हेही सांगायला विसरू नकोस.