फॉरमॅट मारला की विषय संपतो का?

प्रश्न : मार्केट यार्डात आमचं गुळाचं अडत दुकान आहे. दुकानातला कॉम्प्युटर राजारामपुरीत देऊन नवा घ्यायचा विचार आहे. टॅली, जीएसटी, बँक, व्हॉट्सॲप सगळं त्याच्यावरच चालतं. मुलगा म्हणतो, फॉरमॅट मारला की विषय संपला. खरंच संपतो का?
— एक अडत व्यापारी, कोल्हापूर

उत्तर : नाही संपत. फॉरमॅट हे अगदी शेवटचं काम आहे. ते आधी उरकलं तर तुमचीच अडचण होईल.

पहिलं टॅली बघा. त्याचं लायसन्स जुन्या मशीनवर चालू केलेलं असतं. मशीन नीट सुरू आहे तोवर टॅलीतूनच ‘सरेंडर’ करून ते मोकळं करायचं, मग नव्या मशीनवर चालू करायचं. सरेंडर न करता फॉरमॅट मारला, तर लायसन्स जुन्याच मशीनला अडकतं आणि ऐन सौद्यांच्या दिवसांत ते सोडवत बसावं लागतं. डेटाचा बॅकअप नव्या मशीनवर उघडून, दोन-चार पट्ट्या आणि खाती ताडून पाहिल्याशिवाय जुन्याला हात लावू नका. जीएसटी कायद्यानं हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचा असतो.

मग क्रोम. जीएसटीचा, ई-वे बिलाचा, नेट बँकिंगचा पासवर्ड कधीतरी ‘सेव्ह’ केलेला असणारच. इथं पुष्कळ जण फसतात. विकायचंय म्हणून ते बसून एकेक पासवर्ड पुसत जातात, आणि सिंक चालू असल्यामुळे तेच पासवर्ड मोबाइलमधूनही उडतात. वनड्राइव्हचंही तसंच. फोल्डरमधली फाइल डिलीट केली की ऑनलाइन ठेवलेली प्रतही जाते. म्हणून आधी नातं तोडायचं, पुसायचं नंतर. क्रोममधून गूगल खातं साइन आउट करा, वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये ‘अनलिंक धिस पीसी’ करा. मोबाइलवर व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन दुकानाचा कॉम्प्युटर लॉग आउट करा, गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात ‘युअर डिव्हाइसेस’मध्येही तो दिसत असेल तर तिथूनही काढा. डिजिटल सहीचं टोकन मागच्या यूएसबीत खोचलेलं राहिलं नाही ना, हेही बघा.

एवढं झालं की पुसायला घ्या. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये रिकव्हरीत ‘रीसेट धिस पीसी’ असतं. त्यात ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा आणि पुढं ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये ‘क्लीन डेटा’ चालू करा. याला तासन् तास लागू शकतात, लागू द्या. झटपट फॉरमॅट म्हणजे खतावणीची अनुक्रमणिका फाडणं. साध्या हार्ड डिस्कवर आतली पानं तशीच राहतात आणि रिकव्हरीचं सॉफ्टवेअर ती वाचतं. अमेरिकेत एमआयटीतल्या सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलत यांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या होत्या. २००३ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले : १२९ चालू निघाल्या, त्यातल्या नीट पुसलेल्या फक्त १२. बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे नंबरसुद्धा होते.

मायक्रोसॉफ्ट खात्यातल्या उपकरणांच्या यादीतून हे मशीन मात्र सगळ्यांत शेवटी काढा. रीसेट मध्येच अडकून बिटलॉकरची की मागितली, तर ती बहुधा त्याच खात्यात सापडते. यादीतून मशीन आधीच काढून बसलात तर कीची पंचाईत. विंडोजच्या लायसन्सची काळजी नको. मशीनसोबत आलेलं असेल तर ते मशीनसोबतच जातं.

घरात कुणाचं मॅक विकायचं असेल तर ‘फाइंड माय’ बंद करून ॲपल खात्यातून बाहेर पडायला विसरू नका. नाहीतर त्या विकलेल्या मशीनवर ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ राहतो आणि घेणाऱ्याच्या हातात बंद डबा येतो. तो बिचारा पैसे मोजून बसलेला असतो.

मशीन सुरूच होत नसेल तर? २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापुरात दुकानांमध्ये पाणी शिरलं, कॉम्प्युटर बुडाले. बुडालेलं मशीन मेलं म्हणून त्यातली डिस्क मेली असं धरू नका. बऱ्याचदा ती वाचता येते. अशा वेळी खाती मोबाइलवरून लॉग आउट करा, महत्त्वाचे पासवर्ड बदला आणि डिस्क काढून स्वतःकडे ठेवा. बाकीचा सांगाडा द्या. डिस्कशिवाय चार पैसे कमी येतील, येऊ देत. त्या डिस्कवर तुमच्या एकट्याचा हिशेब नाही. माल घालणाऱ्या शेतकऱ्यांचे बँक खात्याचे नंबर, आधारच्या प्रती, उचलीच्या नोंदी आहेत. त्यांनी त्या तुमच्या भरवशावर दिल्या, राजारामपुरीतल्या दुकानदाराच्या नाही.

चालू मशीन देताना दुकानदाराकडून मशीनचा सीरियल नंबर लिहिलेली पावती घ्या आणि ती टॅलीच्या कागदांसोबत लावून ठेवा.