आकृती नुसती पाहू नकोस, पटावर मांड

अगं, जवळपास बुद्धिबळ शिकवणारं कोणी नाही म्हणून किती हिरमुसतेस! आपल्या पांढरकवड्याहून जो महामार्ग नागपूरला जातो, त्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बातुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला. तिला प्रशिक्षक होते, हे खरं. पण तुझ्या हातातलं पुस्तकही शिकवतं, फक्त त्यातल्या आकृत्या नीट वाचायला हव्यात.

आकृतीत पांढरा बहुतेक वेळा खालच्या बाजूला असतो. डावीकडचं खालचं घर ए१, ते काळं. पांढरी प्यादी वर चढतात, काळी खाली उतरतात. जुन्या पुस्तकात काळी घरं तिरप्या रेघांची दिसतील. तेव्हा छपाईसाठी प्रत्येक घराचा खिळा वेगळा जुळवावा लागे. सहा प्रकारची मोहरी, दोन रंगांची, दोन रंगांच्या घरांवर, असे चोवीस खिळे आणि रिकाम्या घरांचे दोन. रेघांवरचं काळं मोहरं पटकन नजरेत भरत नाही, म्हणून आठही ओळी एकेक करून तपास.

आणि खेळी कोणाची हे सांगणारी आकृतीखालची ओळ कधीच गाळू नकोस. समज, पांढरा राजा जी६ वर, हत्ती ए१ वर आणि काळा राजा एकटा जी८ वर आहे. पांढऱ्याची खेळी असेल तर हत्ती ए८ वर, की लगेच मात. काळ्याची असेल तर राजा एफ८ वर सरकतो. मग ए८ वरून शह दिलास तरी तो ई७ वर निसटतो. चित्र तेच, निकाल वेगळा! किल्लेकोट करायचा हक्क उरलाय का, तेही नुसत्या चित्रावरून कळत नाही, म्हणून सोबतचा मजकूर वाचच.

आता माझं ऐक. रोज एकच आकृती घे. पुस्तकावर बोट फिरवून सोडवू नकोस, खऱ्या पटावर मांड. मोहरी न हलवता विचार कर, सुचलेल्या खेळ्या वहीत लिही आणि मगच उत्तराचं पान उघड. मोबाइलचं इंजिन क्षणात उत्तर देतं, पण स्पर्धेत मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. तिथे तुझं डोकंच तुझ्यासोबत असतं. आपल्या हरलेल्या डावातली अवघड स्थितीही अशीच वहीत काढून ठेव. आज रात्रीच पहिली आकृती मांड, बाळा.