पुस्तकाच्या पाठीवरची चिठ्ठी

ग्रंथालयातील पुस्तक हरवते ते नेहमी चोरीलाच जाते असे नाही. पुष्कळदा ते कपाटातच असते. परंतु पाठीवरची क्रमांकाची चिठ्ठी गळून पडल्यामुळे कोणास सापडत नाही. ड्यूई यांच्या दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याचा अंक ८९१.४६, तर गुजराती साहित्याचा ८९१.४७ आहे. आपल्या सुरतेत या दोन्ही भाषांचे ग्रंथ शेजारी नांदतात. त्यांची घरे ओळखावयाची ती चिठ्ठीवरूनच. वाचकाचा वेळ वाचावा, हे रंगनाथन यांनी १९३१ साली सांगितलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र होय. ते या इवल्याशा कागदावर अवलंबून असते.

कापडी बांधणीवर चिठ्ठी का टिकत नाही? कापड म्हणजे उभ्याआडव्या धाग्यांची वीण. जाड विणीवर कागद केवळ उंचवट्यांनाच चिकटतो, खाचा मोकळ्या राहतात. काही कापडांवर तर पाणी न शोषणारा लेप असतो. त्यावर कणकेची खळ धरत नाही. शिवाय पुस्तक उघडताना पाठ वाकते आणि चिठ्ठीच्या कडा सुटतात.

म्हणून प्रथम कापडाची परीक्षा करावी. जेथे चिठ्ठी लावावयाची, तेथेच पाण्याचा एक थेंब ठेवावा. म्हणजे डाग पडला तरी झाकला जाईल. थेंब शोषला गेल्यास ताजी, गुठळ्या नसलेली खळ पुरेशी होते. थेंब मोत्यासारखा राहिल्यास फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद घ्यावा.

जागा वाळू द्यावी व कोरड्या फडक्याने धूळ पुसावी. चिठ्ठीचे कोपरे गोल कापावेत. टोकदार कोपरे आधी उचलले जातात. खळ लावलेला कागद ओलाव्याने किंचित वाढतो. तेव्हा मिनिटभर थांबून मगच तो पाठीच्या तळापासून सुमारे एक इंच वर बसवावा. मधून कडांकडे दाबत हवा काढावी व बाहेर आलेली खळ पुसावी, कारण कसरीस ती खाद्य होते. शेवटी वर कोरा कागद ठेवून पुस्तकाभोवती कापडी पट्टी बांधावी व ते रात्रभर तसेच ठेवावे. पावसाळ्यात तापीकाठच्या दमट हवेत याहून अधिक वेळ द्यावा.

चिकटविण्याचे यश खळीच्या जाडीत नसून पूर्वतयारीत आहे, असे आम्हांस वाटते. विद्यार्थ्यांनो, सुटलेली चिठ्ठी दिसल्यास ती फेकू नका. पुस्तकासह ग्रंथपालांच्या हाती द्या. एका पुस्तकाला त्याचे घर परत मिळेल.