अरिकेसरी हे नाव कुठलं?

प्रश्न : माझ्या बहिणीनं मुलाचं नाव 'अरिकेसरी' ठेवलं. घरचे म्हणतात, अंबरनाथचं शिवमंदिर बांधणाऱ्या राजाचं हे नाव. शेजारीपाजारी मात्र 'हरिकेसरी' अशी हाक मारतात. खरं काय? आणि अर्थ काय?
– एक मावशी, बदलापूर पूर्व

उत्तर : नाव अरिकेसरीच. अरि म्हणजे शत्रू. केसर म्हणजे आयाळ, म्हणून केसरी म्हणजे सिंह. शत्रूंना सिंहासारखा भासणारा, असा सरळ अर्थ. 'हरि'चा इथे काही संबंध नाही, तेव्हा शेजाऱ्यांना आत्ताच प्रेमानं सांगा. पोर शाळेत जाऊ लागलं की चुकीचं नाव कायमचं चिकटेल.

देवळाबद्दल मात्र दुरुस्ती हवी. वालधुनीकाठच्या त्या मंदिरातला शिलालेख शके 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा. त्यात नावं आहेत ती छित्तराज आणि माम्वाणि (इतिहासाच्या पुस्तकांतला मुम्मुणी) यांची. हे दोघे उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातले सख्खे भाऊ, मधला नागार्जुन. अरिकेसरी या तिघांचा चुलता. त्याचा 1017 चा ताम्रपट ठाण्यात सापडला. म्हणजे तुमचा भाचा देऊळ बांधणाऱ्यांच्या चुलत्याचं नाव घेऊन आलाय. मला तर हे नातं जास्त आवडतं.

नाव शिलाहारांपेक्षा बरंच जुनं आहे. मदुरेच्या पांड्यांमध्ये सातव्या शतकात अरिकेसरी मारवर्मन होऊन गेला. दहाव्या शतकात वेमुलवाडच्या चालुक्यांत हे नाव पुन्हा पुन्हा येतं. कन्नडचा आदिकवी पंप दुसऱ्या अरिकेसरीच्या आश्रयाला होता. त्यानं आपल्या महाभारतात या राजाला अर्जुनाच्या जागी बसवलं! तिसऱ्या अरिकेसरीचा 966 चा ताम्रपट तर आपल्या परभणीत मिळाला. शिलाहार स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवत; तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. कर्नाटकाशी त्यांचे धागे जुने. गोग्गी, वप्पुवन्न ही त्यांच्या पूर्वजांची नावं वाचली तरी ते कानाला जाणवतं. त्या नावांच्या रांगेत अरिकेसरी हे अस्सल संस्कृत नाव उठून दिसतं.

घरात हाक मारायला एवढं लांब नाव कुणाला जमणार? शिलाहार अरिकेसरीलाही केशिदेव हे दुसरं नाव होतंच, आणि तेराव्या शतकात त्याच घराण्यात ते पुन्हा एका राजाला मिळालं. ते खुशाल वापरा. नुसतं 'केशी' मात्र नको: कृष्णानं मारलेल्या घोड्याच्या रूपातल्या दैत्याचं ते नाव, आणि कीर्तनाला जाणारी एखादी आजी हटकून टोकेल.

जन्मदाखल्यावर 'रि' ऱ्हस्वच लिहून घ्या. 'अरीकेसरी' चुकीचं.